चर्चच्या आवारातील मध्ययुगीन दगडी क्रूस: जागेवर ठेवावेत की छताखाली न्यावेत?

या टिपणाचा उद्देश

हे टिपण वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगता याव्यात: ब्रिटनमधील खेड्यांतल्या चर्चच्या आवारात उभे असलेले मध्ययुगीन दगडी क्रूस कोणी आणि कशासाठी उभारले, त्यांची बांधणी कशी असते, दगड कोणत्या कारणांनी झिजतो, आणि असा क्रूस वाचवायचा म्हणजे नेमके काय वाचवायचे. स्थापत्य अभियांत्रिकी, इतिहास, कला आणि पुरातत्त्व अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे समजावे अशा बेताने मांडणी केली आहे. गणित आहे, पण ते शाळेच्या पातळीपलीकडचे नाही.

१. प्रस्तावना

बांधकाम साहित्याचा टिकाऊपणा हा विषय मी अनेक वर्षे शिकवतो. एका तासाला मी फळ्याशेजारी दोन चित्रे लावली होती. पहिले चित्र इंग्लंडच्या उत्तर टोकाला असलेल्या ब्यूकॅसल या खेड्यातील क्रूसाचे. सुमारे तेराशे वर्षे तो उघड्यावर, वाऱ्यापावसात उभा आहे. दुसरे चित्र तिथून फार लांब नसलेल्या, पण आज स्कॉटलंडमध्ये मोडणाऱ्या रूथवेल गावच्या क्रूसाचे. तोही साधारण त्याच काळातला आणि त्याच घडणीचा, पण १८८७ पासून चर्चच्या आत ठेवलेला. मी वर्गाला विचारले, "पहिल्याचे काय करावे?" जवळजवळ सगळ्यांचे उत्तर एकच आले: आत न्यावा. माझेही तेच मत होते. दगडाचा शत्रू पाणी, म्हणून पाण्यापासून दूर न्यावा, इतके ते सरळ वाटत होते.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण त्याच्यावर सूर्यघड्याळ आहे असं तुम्हीच सांगितलंत. ते आत नेलं तर वेळ कशी दाखवणार?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते या टिपणात आहे.

२. हे क्रूस कोणते आणि कशासाठी?

चर्चच्या आवारातील दगडी क्रूस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कबरीवरचा लहानसा क्रूस येतो. येथे तो अभिप्रेत नाही. येथे विचार आहे तो पुरुषभर किंवा त्याहून पुष्कळ उंच, स्वतंत्र उभ्या क्रूसस्तंभांचा. काळाच्या दृष्टीने त्यांचे ढोबळ दोन गट पडतात.

(अ) पूर्वीचा गट: इ. स. ७ वे ते ११ वे शतक. हे क्रूस अँग्लो-सॅक्सन आणि पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या काळातले. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्यांची भावंडे आहेत. अंगावर वेलबुट्टी, गुंफलेल्या दोऱ्यांसारखी नक्षी, माणसांच्या आकृती आणि कधी रूण लिपीतील लेख असतात. रूण ही सरळ रेघांची, लाकडावर वा दगडावर कोरायला सोयीची लिपी होय. पुष्कळ ठिकाणी क्रूस आधी उभा राहिला आणि आज दिसणारे दगडी चर्च नंतर बांधले गेले.

(आ) नंतरचा गट: साधारण १३ वे ते १५ वे शतक. या काळात इंग्लंडमधील बहुतेक गावच्या चर्चच्या आवारात, बहुधा दक्षिण बाजूला, एक क्रूस असे. खाली पायऱ्यांचा चौथरा, त्यावर खाच असलेला पायाचा दगड, त्यात बसवलेला सडपातळ खांब आणि माथ्यावर कोरीव शिरोभाग अशी त्याची रचना असते.

उपयोग अनेक होते. क्रूस हे मृतांचे स्मारक असे. प्रार्थनेसाठी जमण्याची जागा असे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी निघणारी झावळ्यांची मिरवणूक त्याच्यापाशी थांबत असे. शिवाय निरक्षर समाजात कोरीव क्रूस हे उघड्यावरचे चित्रपुस्तकच होते. थोडक्यात, क्रूस कुठे आहे आणि त्याची कोणती बाजू कोणत्या दिशेला आहे, याला अर्थ होता. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

३. क्रूस मोडले कोणी?

आज या क्रूसांपैकी पुष्कळांचे केवळ खांब किंवा नुसते चौथरे उरले आहेत. हे सगळे हवामानाने केले असे समजू नये. १६ व्या शतकातील धर्मसुधारणेनंतर मूर्ती आणि कोरीव प्रतिमा यांना विरोध वाढला. १६४३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने काढलेल्या हुकुमात चर्चमधील तसेच उघड्या जागांवरील क्रूस आणि प्रतिमा काढून टाकण्याचे फर्मान होते. त्याआधीच, १६४० मध्ये, स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने रूथवेलचा क्रूस पाडण्याचा आदेश दिला होता आणि १६४२ मध्ये तो पाडला गेला.

शिरोभाग सर्वांत आधी तोडले गेले, कारण मुख्य प्रतिमा तिथेच असे. काही गावांत लोकांनी ते लपवले. ग्लॉस्टरशरमधील अ‍ॅम्प्नी क्रूसिस या गावी १५ व्या शतकातील क्रूसाचे डोके चर्चच्याच भिंतीत चिणून ठेवलेले होते. ते १९ व्या शतकात सापडले आणि पुन्हा खांबावर बसवले गेले. इतर ठिकाणी उरलेल्या खांबाचा उपयोग सूर्यघड्याळाची तबकडी ठेवण्यासाठी झाला.

४. बांधणी: एक सोपे गणित

आता अभियंत्याच्या नजरेने पाहू. पूर्वीच्या गटातला एखादा उंच क्रूस घ्या. गणिताच्या सोयीसाठी आपण ढोबळ मापे धरू: खांबाची उंची ४.४ मीटर, चौकोनी छेदाची सरासरी रुंदी ०.४५ मीटर, वालुकाश्माची घनता दर घनमीटरला २,३०० किलोग्रॅम.

घनफळ = ४.४ × ०.४५ × ०.४५ = ०.८९ घनमीटर
वस्तुमान = ०.८९ × २,३०० = सुमारे २,०५० किलोग्रॅम
वजन = सुमारे २०.१ किलोन्यूटन
तळावरील दाब = २०.१ ÷ (०.४५ × ०.४५) = सुमारे ९९ किलोपास्कल, म्हणजे ०.१ मेगापास्कल

चांगला वालुकाश्म काही दशक मेगापास्कल दाब सहज सोसतो. म्हणजे स्वतःच्या वजनाने क्रूस चिरडण्याचा प्रश्नच येत नाही.

आता वारा पाहू. सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाचे वादळ धरा. हवेची घनता १.२ धरली तर वाऱ्याचा दाब = ०.५ × १.२ × ४० × ४० = ९६० पास्कल. खांबाची एक बाजू ४.४ × ०.४५ = १.९८ चौरसमीटर. आकारासाठी १.५ हा गुणांक घेतला तर वाऱ्याचे बल सुमारे २,८५० न्यूटन येते. ते मध्यावर, म्हणजे २.२ मीटर उंचीवर लागते असे धरू.

पाडू पाहणारा मोमेंट = २.८५ × २.२ = ६.३ किलोन्यूटन-मीटर
वजनामुळे सावरणारा मोमेंट = २०.१ × ०.२२५ = ४.५ किलोन्यूटन-मीटर

पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे असा खांब जमिनीवर नुसता ठेवला तर मोठ्या वादळात कलंडेल. तो शतकानुशतके उभा राहिला याचे श्रेय त्याच्या जडपणापेक्षा पायाच्या दगडाला द्यावे लागते. पायाच्या जड दगडात खोल खाच करून त्यात खांब रोवलेला असतो. खांब दोन-तीन तुकड्यांचा असेल तर एका तुकड्याला खुंटी आणि दुसऱ्याला खाच कोरून ते जुळवत. नंतरच्या गटातील क्रूसांत अशा सांध्यांत वितळलेले शिसे ओतण्याची पद्धत होती. शिसे मऊ असल्यामुळे ते भार सारखा पसरवते आणि पाण्याला वाट ठेवत नाही. खांब वर निमुळता करण्यामागेही सौंदर्याबरोबर हा हिशेब आहे: वारा जिथे जास्त, तिथे अंग कमी.

रोवलेल्या खांबाच्या तळाशी वाऱ्यामुळे येणारा वाकवणारा ताण याच आकड्यांतून सुमारे ०.४ मेगापास्कल निघतो. त्यातून वजनाचा ०.१ वजा केला की ०.३ मेगापास्कल निव्वळ ताण उरतो. धड दगडाला तो सोसतो. पण तळाशी चीर असेल, किंवा पाणी साचून दगड भुसभुशीत झाला असेल, तर हाच ताण घातक ठरतो. म्हणून क्रूसाची पाहणी करताना तज्ज्ञ आधी माथ्याकडे न बघता खाचेकडे बघतात.

या गणिताचा निष्कर्ष असा: वजन क्रूसाला मारत नाही, वाराही एकटा मारत नाही. आधी पाणी दगडाला दुबळे करते आणि मग इतर कारणांचे फावते.

५. दगड झिजतो कसा?

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एखाद्या नैसर्गिक चिकट द्रव्याने एकत्र धरलेले. कण बहुधा कठीण क्वार्ट्‌झचे असतात. दुबळा भाग असतो तो त्यांना धरून ठेवणारा. हा बंध सिलिकेचा, लोहाचा, चिकणमातीचा किंवा चुन्याचा असू शकतो. बंध सुटला की कण गळतात. कोरीव रेघ जेमतेम काही मिलिमीटर खोल असते. तेवढी कातडी गेली की लेख गेला.

(१) गोठणे आणि वितळणे: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. छिद्रे पाण्याने भरलेली असतील तर हे फुगणे आतून ढकलते. ब्रिटनच्या हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर-खाली सारखे होत राहते, म्हणून हे चक्र एका हिवाळ्यात कितीतरी वेळा फिरते.

(२) क्षार: समुद्राकडून येणारे वारे, जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारे पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ यांतून क्षार दगडात शिरतात. पाणी वाळले की त्यांचे स्फटिक बनतात आणि कणांना विलग करतात. क्रूसाच्या तळाशी, जमिनीच्या जरा वर, दगड पोखरल्यासारखा दिसतो तो बहुधा यामुळे.

(३) आम्लधर्मी पाऊस: कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड दगडातील चुन्याशी संयोग पावून जिप्सम बनवतो. चुनखडीच्या क्रूसांना याचा फटका जास्त बसतो.

(४) दगडफूल आणि शेवाळ: दगडफुलाचे थर नक्षी झाकून टाकतात आणि काही जाती दगडात शिरतातही. पण घाईने तारेच्या ब्रशने ते खरवडले तर त्यांच्यासोबत कोरीव पृष्ठभागही निघतो. तेव्हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो.

(५) आपण केलेली दुरुस्ती: १९ व्या शतकात मोडके तुकडे लोखंडी सळ्यांनी जोडले गेले. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि दगड आतून फुटतो. तीच गोष्ट सिमेंटची. कठीण सिमेंटने सांधे भरले की पाण्याला बाहेर पडायला सांध्याऐवजी दगडच उरतो आणि क्षार दगडात साठतात. म्हणून आज अशा कामात चुन्याचा गारा आणि गरज पडल्यास स्टेनलेस स्टील वापरतात. साहित्य जितके बळकट तितके चांगले, हा पहिल्या वर्षात डोक्यात बसलेला समज इथे बाजूला ठेवावा लागतो.

६. तीन क्रूस, तीन मार्ग

*६.१ रूथवेल: आत नेलेला*

रूथवेलचा क्रूस ८ व्या शतकातला मानला जातो. उंची सुमारे ५.५ मीटर. १६४२ मध्ये पाडल्यावर त्याचे तुकडे चर्चमध्ये आणि नंतर आवारात विखुरले. १९ व्या शतकात तिथले पाद्री हेन्री डंकन यांनी ते गोळा केले. १८१० मध्ये याच गावात बचत बँक सुरू करणारे म्हणून अर्थशास्त्राचे विद्यार्थी कदाचित त्यांना ओळखत असतील. डंकन यांनी १८२३ मध्ये आपल्या घराच्या बागेत क्रूस पुन्हा उभा केला. मूळ आडवा दगड मिळाला नाही, म्हणून तो नवा करून बसवला. अगदी वरचा तुकडा मात्र उलट्या बाजूने बसला, असे पुढच्या अभ्यासकांच्या लक्षात आले. १८८७ मध्ये हवामानापासून वाचवण्यासाठी क्रूस चर्चमध्ये आणला गेला. तो इतका उंच की त्यासाठी खास कोनाडा बांधावा लागला आणि जमिनीत खड्डा करून तळ त्यात उतरवावा लागला.

या क्रूसाच्या अरुंद बाजूंवर रूण लिपीत जुन्या इंग्रजीतील काव्याच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्यात क्रूस स्वतःच बोलतो आणि आपण काय पाहिले, काय सोसले ते सांगतो. इटलीतील व्हर्चेल्ली येथे १० व्या शतकातील एक जुने इंग्रजी हस्तलिखित आहे. त्यातील 'द ड्रीम ऑफ द रूड' या दीर्घ काव्याशी या ओळी जुळतात, हे जॉन मिचेल केम्बल यांनी १८४० च्या दशकात ओळखले. ही ओळख पटू शकली याचे कारण अक्षरे वाचता येत होती. इंग्रजी साहित्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा त्या काही मिलिमीटर दगडावर टिकून होता.

म्हणजे छताने काम केले. पण काही गेलेही. क्रूस मुळात नेमका कुठे होता, कोणती बाजू कोणत्या दिशेला होती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. अक्षरे वाचली, पत्ता हरवला.

*६.२ ब्यूकॅसल: उघड्यावर ठेवलेला*

ब्यूकॅसलचा क्रूस ७ व्या शतकाची अखेर किंवा ८ व्या शतकाचा पूर्वार्ध या काळातला. एका जुन्या रोमन किल्ल्याच्या हद्दीत असलेल्या चर्चच्या आवारात त्याचा सुमारे ४.४ मीटर उंचीचा खांब उभा आहे. डोके हरवले आहे. पश्चिम बाजूला माणसांच्या आकृती आणि रूण लेख, इतर बाजूंना वेली, गाठी आणि चौकटींची नक्षी. दक्षिण बाजूला सूर्यघड्याळ आहे, आणि ते इंग्लंडमधील सर्वांत जुन्यांपैकी एक मानतात. काटा रोवण्याचे भोक आणि त्यातून खाली पसरणाऱ्या रेघा अजून दिसतात.

इथे पावसाने आपले काम केले आहे. मोठा रूण लेख इतका झिजला आहे की त्याचे एकमताने वाचन होत नाही. क्युनेबुर्ग हे एका स्त्रीचे नाव वाचता येते, पण हा क्रूस कोणाच्या स्मरणार्थ उभारला हे खात्रीने सांगता येत नाही. रूथवेलला काव्य वाचता येते. इथे एका नावापुढे गाडी अडते.

पण आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे या. उभ्या भिंतीवरचे सूर्यघड्याळ दक्षिणेकडेच तोंड करून का असते? कारण ब्रिटनच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. ब्यूकॅसलचा खांब त्याच दिशेला आहे, म्हणून घड्याळ घड्याळ आहे. ज्याने ते कोरले त्याने खांब उभा करण्याच्या जागेचा आणि दिशेचा विचार केला होता, हे आपल्याला आज कळते ते केवळ खांब हलवला नाही म्हणून. छताखाली नेला तर रेघा टिकतील, पण त्यांच्यावर सावली पडणार नाही. अक्षरे गेली, पत्ता राहिला.

*६.३ गॉसफर्थ: मूळ उघड्यावर, प्रत आत*

कंब्रियातील गॉसफर्थ गावचा क्रूस १० व्या शतकाच्या पूर्वार्धातला. तांबड्या वालुकाश्माचा, सुमारे ४.४ मीटर उंच आणि विलक्षण सडपातळ. खांबाचा खालचा भाग गोल, वरचा चौकोनी. त्याचे वैशिष्ट्य असे की पूर्व बाजूला येशूच्या क्रूसारोहणाचे दृश्य आहे आणि त्याच क्रूसावर नॉर्स पुराणातील प्रसंगही आहेत. बांधून घातलेला लोकी आणि त्याच्यावर पडणारे सापाचे विष भांड्यात झेलणारी त्याची पत्नी सिगिन. लांडग्याच्या जबड्यात पाय देऊन तो फाडणारा विदार. नवा धर्म स्वीकारलेल्या समाजाने जुन्या कथा टाकून न देता नव्या कथेशेजारी कशा मांडल्या, याचा हा दगडी पुरावा.

ही दृश्ये नॉर्स पुराणातली आहेत हे १८८० च्या दशकात लक्षात आले. स्थानिक अभ्यासक चार्ल्स पार्कर आणि पाद्री डब्ल्यू. एस. कॅल्व्हर्ली यांनी दगडफूल दूर करून क्रूस बारकाईने पाहिला. १८८७ मध्ये कॅल्व्हर्ली यांनी ॲस्पाट्रिया येथील आपल्या चर्चच्या आवारात त्याची दगडी प्रतिकृती उभारली. याच दशकात घेतलेला प्लॅस्टरचा ठसा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. अशा ठशाचे महत्त्व ध्यानात घ्या. तो १९ व्या शतकातला पृष्ठभाग जसाच्या तसा धरून ठेवतो, त्यामुळे आजचा दगड त्याच्याशी ताडून मधल्या काळात किती झीज झाली ते पाहता येते.

गॉसफर्थच्या आवारात पूर्वी आणखीही क्रूस होते. त्यांपैकी एक सूर्यघड्याळाची तबकडी ठेवण्यासाठी कापला गेला. पाऊस शतकात मिलिमीटर नेतो. माणसाची करवत एका दुपारी सगळे नेते.

याच्या उलट मार्ग आयर्लंडमधील क्लॉनमॅकनॉइज येथे घेतला गेला. तिथे मूळ क्रूस इमारतीत नेले आणि त्यांच्या जागी, त्याच दिशांना, प्रतिकृती उभ्या केल्या.

७. मग निर्णय कसा घ्यावा?

ब्रिटनमध्ये यांपैकी अनेक क्रूस कायद्याने संरक्षित स्मारके आहेत. त्यांना हात लावायचा तर चर्चची आणि वारसा खात्याची परवानगी लागते. पण परवानगी हा नंतरचा टप्पा. आधीचा प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे. मी वर्गात तो पुढील क्रमाने सोडवायला सांगतो.

पहिले, नोंद. आज पृष्ठभागाचा त्रिमितीय आराखडा लेसरने किंवा अनेक छायाचित्रे एकत्र जुळवून घेता येतो. दिवा वेगवेगळ्या कोनांतून तिरपा टाकून घेतलेल्या छायाचित्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा उठून दिसतात. काहीही करण्यापूर्वी हे करावे.

दुसरे, झिजण्याचा वेग. एक नोंद म्हणजे नुसते चित्र. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी म्हणजे मोजमाप. "दगड झिजतोय" हे वाक्य अभियंत्याला पुरेसे नाही. किती, कुठे आणि कोणत्या बाजूला, हे कळले पाहिजे.

तिसरे, साधे उपाय. तळाशी साचणारे पाणी वाहून जाईल अशी व्यवस्था करणे, सिमेंटचे सांधे काढून चुन्याने भरणे, गंजलेली सळई बदलणे, हिवाळ्यात तात्पुरते आच्छादन घालणे. यांनी क्रूस हलवावा लागत नाही.

चौथे, जागेचा अर्थ. या क्रूसाचे किती ज्ञान त्याच्या जागेशी बांधलेले आहे? ब्यूकॅसलच्या बाबतीत पुष्कळ. आधीच दोनदा हललेल्या आणि वरचा तुकडा उलटा बसलेल्या रूथवेलच्या बाबतीत कमी.

पाचवे, आत नेण्याची किंमत. दोन टनांचा, आतून चिरलेला दगड उचलणे हाच मोठा धोका असतो. शिवाय आतली कोरडी, हिवाळ्यात तापवलेली हवा क्षारांना अचानक वाळवते आणि स्फटिक बनण्याचा वेग वाढू शकतो. छत म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे.

या क्रमाने गेल्यावर माझे स्वतःचे मत बदलले. ब्यूकॅसलचा खांब जागेवर राहावा असे मला आता वाटते. मात्र त्याची नियमित मोजणी व्हावी आणि मोजलेला वेग धोक्याचा निघाला तर मूळ आत नेऊन त्याच जागी, त्याच दिशेला प्रतिकृती उभारण्याची तयारी असावी. हे मत कोणाला पटणार नाही. ज्याला लेख वाचायचा आहे तो म्हणेल, उरलेली चार अक्षरे तरी वाचवा. त्याचेही चुकत नाही. दोन्ही पर्यायांत काहीतरी गमावतेच. काय गमावतो आहोत ते मोजून, लिहून ठेवून गमावावे एवढेच आपल्या हाती आहे.

८. आपल्या परिसरात

ब्रिटनला न जाताही हा अभ्यास करता येतो. कोट्टायमच्या वलिय पळ्ळीत आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर पहलवी लेख असलेले मध्ययुगीन दगडी क्रूस आहेत. सेंट थॉमस माउंटचा क्रूस १५४७ मध्ये खोदकामात सापडला आणि तिथल्याच वेदीत बसवला गेला. त्याची मूळची मांडणी काय असेल, हा प्रश्न रूथवेलसारखाच आहे. गोव्यात आगशी येथे २००१ मध्ये असाच पहलवी लेखाचा क्रूस मिळाला. वसईच्या गावांत रस्त्याकडेचे क्रूस मध्ययुगीन नाहीत, पण दगड आणि पाऊस यांचे नाते तिथेही तेच.

आणि महाराष्ट्रात वेशीवरचे वीरगळ आहेतच. माझ्या आजोळच्या गावी मारुतीच्या पारावर टेकवलेल्या वीरगळाला कुणीतरी भक्तिभावाने चकचकीत ऑइलपेंट लावला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर रंगाचा पापुद्रा सुटला आणि त्याच्यासोबत घोडेस्वाराचा चेहरा. रंग लावणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. दगडाच्या आतले पाणी बाहेर कुठून पडणार, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे हे आपले काम आहे.

९. सारांश

- ब्रिटनमधील चर्चच्या आवारातील क्रूस दोन मुख्य काळांतले: ७ वे ते ११ वे शतक आणि १३ वे ते १५ वे शतक.
- वजनाने क्रूस मोडत नाही; पायातील खाच आणि सांधे हे त्याचे मर्मस्थान.
- पाणी, गोठणे, क्षार आणि चुकीची दुरुस्ती ही झिजण्याची मुख्य कारणे.
- क्रूस आत नेला तर पृष्ठभाग टिकू शकतो, पण जागा आणि दिशा यांतून मिळणारे ज्ञान जाते.
- निर्णयाआधी नोंद आणि मोजमाप.

१०. स्वाध्याय

१. विभाग ४ मधील गणितात रुंदी ०.४५ ऐवजी ०.६ मीटर धरा. नुसता ठेवलेला खांब आता कलंडेल का? उत्तराचे कारण द्या.
२. खांब तळाशी ०.५५ मीटर आणि माथ्याशी ०.३५ मीटर रुंद असा निमुळता धरला तर वाऱ्याच्या बलाचा मध्य वर जाईल की खाली? आकृती काढून दाखवा.
३. तुमच्या गावातील किंवा शहरातील एक जुना कोरीव दगड निवडा (क्रूस, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, मैलाचा दगड). होकायंत्राने त्याची दिशा नोंदवा, सकाळी आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्या आणि झिजण्याची कोणती कारणे दिसतात ते लिहा. दगडाला हात, खडू किंवा पाणी लावू नये.
४. त्याच दगडाबद्दल "जागेवर ठेवावा" आणि "हलवावा" अशा दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा ओळी लिहा. शेवटी तुमचा निर्णय एका वाक्यात द्या आणि त्या निर्णयाने काय गमावले जाईल ते दुसऱ्या वाक्यात लिहा. दुसरे वाक्य लिहिले नसेल तर उत्तर अपूर्ण समजावे.